सातव्या कथेचा पाठभेद

१० जुलै २०२५, गुरुवार

पिशाच या शब्दात च एकच असतो. एकच! पिशित म्हणजे मांस. ते खातो तो पिशाच. मांस खाऊनही ज्याचं एका च-वर भागलं, त्याला आमच्या मराठी मंडळाचे कथालेखक खुशाल दुसरा च जोडून देतात — पिशाच्च! अकरा कथांपैकी नऊंत. कथा वाचण्याआधी नुसती पानं चाळून सगळे जादा च मी मोजले. चौपन्न. हैदराबादच्या मराठी माणसानं पाण्याची अशी नासाडी केली असती तर नळ तोडले असते त्याचे.

पाप माझंच. मंडळाच्या वार्षिक अंकासाठी गूढकथा स्पर्धा निघाली आणि अध्यक्ष प्रतापराव म्हणाले, "अनिलराव, परीक्षक तुम्हीच. भूत, आत्मा, परलोक — शेवटी सगळं संस्कृतच की!" कॉलेजात एकतीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं हे फळ. लेखकांची नावं झाकलेली, कथांना नुसते आकडे. शेरे मात्र लेखकांना परत जाणार. ही अट मीच घातली. 'शेऱ्याशिवाय सुधारणा नाही' असं बाणेदारपणे बोलून बसलो.

आज गुरुपौर्णिमा. विद्यार्थ्यांनी पेन दिलं. लाल शाईचं! पोरं ओळखून आहेत मला.

कोश बघायला कोठी भागातल्या मंडळाच्या वाचनालयात गेलो तर कुलूप. दारावर ग्रंथपाल नामदेवरावांची चिठ्ठी — 'आज बंद, उद्या चालू.' मध्येच असा एखादा गुरुवार उगवतो आणि वाचनालय मावळतं. कारण कधीच नाही. वामकुक्षीला तरी माणसानं कारण द्यावं!

१२ जुलै, शनिवार

सहा कथा संपल्या. आमचं भूत अजून पांढऱ्या साडीतच आहे. इतकी वर्षं हैदराबादेत काढून एकाही हडळीला पोचमपल्ली नेसावीशी वाटली नाही! दोन भुतं आयटी कंपनीत, लिफ्टमध्ये. त्यांना सगळ्यांचे पासवर्ड ठाऊक. मला माझा ठाऊक नसतो.

आणि व्हँपायर! तीन कथांत. मे महिन्यात काळा कोट घालून चारमिनारपाशी हिंडतो. उन्हानं जळतो म्हणे — मग या गावात आलास कशाला बाबा? लसणाला भितो. लसणाला! इथं ज्याची मान धरावी त्याच्या नसानसांतून दुपारचं लसूण घातलेलं बगारा बैंगन वाहत असतं. उपाशी मरेल.

पण खरा आक्षेप वेगळा. आपल्या भुतांना काहीतरी हवं असतं — कुणाचं पाणी राहिलेलं, कुणाचं पिंडदान, कुणाला नुसती आठवण. दिलं की जातात. बोलणी होऊ शकतात त्यांच्याशी. या विलायती पाहुण्याला नुसतं तुमचं रक्त हवं, आणि वर त्यालाच दुःखी, देखणा, एकाकी म्हणायचं. घेणाराच रडतो! संस्कृतात राक्षसाला अस्रप असा शब्द आहे. अस्र म्हणजे रक्त, ते पिणारा. गंमत अशी की अस्र म्हणजे अश्रूही. रडका व्हँपायर दोन्ही अर्थांनी अस्रप. हे कुठल्याही लेखकाला सुचलेलं नाही, म्हणून इथं माझ्या नावावर जमा.

सुलभानं कथांचा गठ्ठा उचलून बाल्कनीत वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला. "अहो, मृण्मयीला दिवस गेलेत आणि तुम्ही घरात भुतंखेतं काय वाचता!" मुलगी पुण्यात, पिशाचं इथं आमच्या विद्यानगरात. मध्ये साडेपाचशे किलोमीटर. म्हटलं तसं. तर म्हणे, "त्यांना काय अंतर!"

दुसरा महिना. तिसरा सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही अशी सक्त आज्ञा. म्हणून वहीला सांगतो — मी आजोबा होणार!

१५ जुलै, मंगळवार

सातवी कथा. वळणदार, जुन्या धाटणीचं अक्षर, कुठंतरी पाहिलेलं.

नायिका हैदराबादची 'पिशाच्च'. (च दोन. अर्थातच.) हिला दात नाहीत, म्हणजे आहेत, पण ती चावत नाही. दर एकवीस दिवसांनी खुर्चीत बसते, फॉर्म भरते आणि पिशवीतून रक्त घेते! कुणाचं ते तिला कळत नाही. मग ती ओळखू पाहते. एकदा रक्त घेतल्यावर आठवडाभर तिला तेलुगूत स्वप्नं पडतात. एकदा ज्या गल्लीत कधी गेली नाही तिथल्या मिरची भज्यांची आठवण येते. एकदा उगाचच एका अनोळखी बाळाची काळजी वाटते. शेवटी ती पिशवीवरच्या चिठ्ठीवर 'थँक्यू' लिहिते आणि चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात जाते. समाप्त.

मिरची भज्यांना हसलो. मोठ्यानं. तरीही हे पिशाच कसलं? भीती कुठाय? फॉर्म भरणारा राक्षस! लाल पेन घेतलं. शेरा वहीतही उतरवून ठेवतो, कारण जमला आहे —

'पिशाच्च नव्हे, पिशाच. पिशवीतून रक्त पिणारी पिशाची हास्यास्पद, पिशवी काढावी. मुख्य दोष : दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्या या परजीवी नायिकेविषयी वाचकाला प्रेम का वाटावं? तिनं चावावं तरी, नाहीतर मरावं तरी.'

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. यमक आपोआप साधलं.

१६ जुलै

सुलभा : "शेरे वाचून तुम्ही एकटेच हसताय. हे लक्षण बरं नव्हे."

१९ जुलै, शनिवार

गठ्ठा नामदेवरावांच्या हवाली. सत्तरीचा माणूस, मूळ बिदरकडचा. निजामाच्या काळात यांचे आजोबा शेती सोडून इथं आले. धोतर गेलं, पण बोली तशीच — मध्येच दखनी, मध्येच तेलुगू.

"बापरे साहेब, रंगपंचमीच केली की तुम्ही!"

"चौपन्न जादा च होते नामदेवराव."

"आता च तं च. भूत का शाळा शिकून येतंय?"

सातवी वर काढून उभ्याउभ्या वाचली त्यांनी. म्हणजे शेरा वाचला. बराच वेळ. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला.

"मरावं तरी," ते म्हणाले.

"यमक साधलंय ना?"

"हौ. साधलंय."

मला म्हाताऱ्याची दाद मिळाल्याचा आनंद झाला. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

३१ जुलै, गुरुवार

वाचनालय पुन्हा बंद! तीच चिठ्ठी. समोरच्या हॉटेलात बसून प्रतापरावांना फोन लावला, तक्रारीचा. कॅलेंडर काढून सांगितलं — दहा जुलै गुरुवार, आज एकतीस जुलै गुरुवार, बरोबर एकवीस दिवस. हा काय एकादशीचा नवा प्रकार आहे?

प्रतापराव म्हणाले, "अनिलराव, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"त्यांची नात, त्रिवेणी. थॅलसेमिया आहे तिला. जन्मापासून. अंगात रक्तच नीट बनत नाही. दर एकवीस दिवसांनी चढवावं लागतं. नामदेवराव घेऊन जातात. मला वाटलं, तुम्ही इतकी वर्षं येताय तिथं..."

चहा समोर होता. एकवीस दिवस. खुर्ची. फॉर्म. पिशवी.

अक्षर कुठं पाहिलं होतं तेही त्याच वेळी कळलं. रस्त्यापलीकडे दारावर लटकत होतं — 'आज बंद, उद्या चालू.'

१ ऑगस्ट

परजीवी. मी लिहिलं. लाल शाईनं.

आणि त्याच्यापुढचं वाक्य! म्हाताऱ्याच्या तोंडावर विचारलं मी — यमक साधलंय ना?

३ ऑगस्ट, रविवार

दिलसुखनगरला गेलो, नामदेवरावांकडे. क्लासेसच्या पाट्यांच्या जंगलातून जिना सापडेपर्यंत क्षमेचं वाक्य सात वेळा जुळवलं. संस्कृतप्रचुर झालं, सोडून दिलं.

दार तिनंच उघडलं. एकोणीस-वीस वर्षांची, बारीक, डोळे टपोरे. नामदेवराव आत अंघोळीला.

"तुम्ही च-वाले अंकल ना? आओ आओ! आत या. बोलवल्याशिवाय व्हँपायर आत येत नाही, म्हणून बोलवतेय."

बसलो. क्षमा मागणार होतो. तिनं तोंड उघडायला वावच दिला नाही.

"अंकल, स्टोरी मी बोलले, आजोबांनी लिहिली. मराठी वाचायला मला लई टाइम लागतो. शाळेत तेलुगू, घरात हे. तुमचा शेरा पण आजोबांनीच वाचून दाखवला. पिशवी काढा बोलले तुम्ही. पिशवी कशी काढणार? पिशवी तर खरी असतीय! बाकीचं सगळं खोटं."

"पिशवी राहू दे," मी म्हणालो. "चूक माझी."

"हौ ना? आणि एक विचारायचं होतं. चिरंजीवी म्हणजे काय?"

"काय?"

"तुम्हीच तर लिवलं. 'या चिरंजीवी नायिकेविषयी वाचकाला प्रेम वाटावं.' आमच्या इथं ते हीरोचं नाव आहे, म्हणून मला हसूच आलं. मीनिंग काय पण?"

पोथ्यांचे पाठभेद लावण्यात हयात गेली माझी. लेखनिकानं कुठं अक्षर गाळलं, कुठं घुसडलं, ते मी झोपेत सांगेन. इथं 'पर' गेलं होतं, 'चिरं' आलं होतं. 'का' गळाला होता. आणि शेवटचं वाक्य पोथीतून साफ नाहीसं.

आतून तांब्याचा आवाज थांबला होता.

"चिरंजीवी म्हणजे," मी म्हणालो, "खूप जगणारी."

"खरंच लिवलं ना तुम्ही? आजोबा कधी कधी आपल्या मनाचं घालतात."

"मीच लिहिलं."

अशुद्ध पाठ मी आयुष्यात प्रथमच ग्राह्य धरला. सहीनिशी.

मग ती सुटली. फोनवर इंग्रजी व्हँपायरकथा ढिगानं वाचते. रक्त चढायला तीन-चार तास लागतात, तेवढ्यात एक होते म्हणे. "सगळे नुसते रडतात अंकल! दोनशे-तीनशे वर्षं लोकांचं रक्त पिऊन एक तरी व्हँपायर थँक्यू बोलतो का? एक पण नाही! कैकू नाही बोलत? मला तेवढंच लिहायचं होतं."

इतकी वर्षं मी राक्षस आणि वेताळ शिकवले. हा प्रश्न मला कधी पडला नाही.

नामदेवराव ओल्या केसांनी बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही. चहा ठेवतो म्हणाले. मागोमाग स्वयंपाकघरात गेलो, तर पातेल्यात बघत हळूच बोलले, "हिचे आई-बाप दोघंबी मायनर निघाले साहेब. मायनर म्हणजे त्यांना काही होत नाही, कळतबी नाही. पण दोघं तसले एकत्र आले की लेकराला असं व्हायचा धोका. लग्नात पत्रिका बघितली, बत्तीस गुण जुळले. रक्त कुणी बघितलंच नाही."

निघताना ती दारात. "तुमचा ग्रुप कुठला अंकल?"

"बी पॉझिटिव्ह."

"अय्यो, माझाच! कधी दिलंय?"

"नाही." पन्नाशी उलटली आणि सुईच्या भीतीनं कधी दिलं नाही, हे सांगायला संस्कृत कामाला येत नाही.

"मग या की एकदा. मी चावत नाही."

७ ऑगस्ट, गुरुवार

सुलभाला सांगितलं, रक्त द्यायला जातोय. आधी हसली. "तुम्ही? कान टोचताना मृण्मयीच्या आधी तुम्ही रडला होतात!" मग सगळं सांगितलं. शेऱ्याचंही. ती उठली, बाल्कनीत गेली. मला वाटलं रागावली. तर वॉशिंग मशीनवर मागे राहिलेली एक कथा आत आणून टेबलावर ठेवली. "भुतांचं काही नसतं," म्हणाली. "माणसानं जपून लिहावं."

११ ऑगस्ट, सोमवार

ब्लड बँक. बोटाला टोचलं. ओरडलो नाही. नर्सनं आकडा बघून मान हलवली. "रक्तम् तक्कुव उंदि, सार."

रक्तम्! काय स्वच्छ नपुंसकलिंगी प्रथमा! एकतीस वर्षांत माझ्या एका विद्यार्थ्यानं इतका सहज उच्चार केला नाही. या आनंदात पुढचं ऐकलंच नाही. तक्कुव म्हणजे कमी. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक दोन. घेता येणार नाही.

पिशाचानंही नाकारलेला माणूस! त्रिवेणीला सांगितलं की आठवडाभर हसेल.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "नेहमीच कमी असतं?" लहानपणापासून आई फिकट म्हणायची, म्हटलं; लोहाच्या गोळ्या किती खाल्ल्या, उपयोग शून्य. त्यांनी मान वर केली. दोन तपासण्या लिहून दिल्या. "कराच." आणि जाता जाता, "मुलं किती?"

"एक मुलगी. का?"

"आधी रिपोर्ट येऊ दे."

त्याच दारानं बाहेर आलो. बाहेरचं ऊन, रिक्षा, सगळं होतं तिथंच होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजचा गुरुवार वाचनालयाचा. नामदेवराव होते. प्रतापरावांना कालच कळवलं — सातव्या कथेच्या लेखिकेचं नाव मला कळलं, निकालातून मी बाद. दुसऱ्या कुणाला वाचू द्या. पण शेरा बदलायचा हक्क मी सोडलेला नाही. नवा कागद, निळी शाई —

'कथेतला एकही शब्द बदलू नये. पिशाच्चाचा दुसरा च तसाच राहू द्यावा. घेणाऱ्याला काय वाटतं हे मला माहीत नव्हतं. या कथेनं सांगितलं. आभार कथेच्या शेवटी आहेत, माझे इथं.'

"हे तिला वाचून दाखवा," म्हटलं. "या वेळी लिहिलंय तसंच."

"मागच्या टायमाला काय वेगळं वाचलं का मी?"

"नामदेवराव."

"चष्मा जुना झालाय साहेब. परजीवी का चिरंजीवी, नीट दिसत नाही." कपाटाकडे वळले. पाठ माझ्याकडे. "तुमचं अक्षर खराब नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. पण तिला का सांगायचं ते?"

एकाच टेबलावर बसून इतकी वर्षं चहा प्यालो, आणि गुरुवारी कुठं जाता हे एकदा विचारलं नाही मी. वामकुक्षी म्हणे!

१७ ऑगस्ट, रविवार

मृण्मयीचा फोन. मळमळ कमी, आंबट खावंसं वाटतं. "बाबा, भुतांच्या गोष्टी आईला चोरून सांगा ना." सातवी सांगितली, भज्यांसकट. ती हसली, मग म्हणाली, "त्या मुलीला म्हणावं, मला खूप आवडली."

रिपोर्ट अजून नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्ट आला. मी मायनर आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हाला काही धोका नाही. मुलीकडे गेलं असण्याची शक्यता निम्मी. तिची तपासणी आज-उद्याच करा, जावयाचीही. दोघांत निघालं तर बाळाची करावी लागेल, आणि दिवस थोडे आहेत. तिसरा महिना संपत आला.

मृण्मयी आणि आदित्यची पत्रिका मीच जुळवली होती. अठ्ठावीस गुण. एकनाड नाही, संततीला दोष नाही, म्हणून मी स्वतः पेढे आणले होते.

आज त्रिवेणीचा दिवस. वाचनालय बंद असेल. सुलभा आत पुण्याला पाठवायची आवकाय लोणच्याची बरणी बांधते आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. फोन समोर आहे.

मला भीती वाटते.